रानअळंब्यांची ओळख : अधिवास, बाह्यरूप आणि वर्गीकरण यांचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : अळंबे, कवक, अधिवास, बीजाणूंचा ठसा, वर्गीकरण, वारूळ, लोकज्ञान

प्रस्तावना

मृग आणि आर्द्रा नक्षत्रांचा पाऊस होऊन जमीन निवली की कोकण, गोवा आणि सह्याद्रीच्या उतारांवर रानअळंबी दिसू लागतात. पुढे आषाढ-श्रावणात ती पानांत बांधून रस्त्याच्या कडेला आणि आठवडी बाजारात विक्रीस येतात. विकणाऱ्या बहुधा रानात वावरणाऱ्या स्त्रिया असतात. त्यांच्याजवळ पुस्तक नसते की सूक्ष्मदर्शक नसतो. तरीही कोणते अळंबे खुडावे आणि कोणते 'कुत्र्याची छत्री' म्हणून सोडून द्यावे, याचा निर्णय त्या क्षणात घेतात. हा निर्णय चुकला तर त्याची किंमत मोठी असते. एप्रिल २०२२ मध्ये आसाममध्ये रानातील विषारी अळंबी खाल्ल्याने किमान १३ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुतेक जण चहामळ्यांतील कष्टकरी कुटुंबांतील होते.

अळंब्यांच्या ओळखीचा प्रश्न सामान्यतः वनस्पतिशास्त्राचा वा आहारशास्त्राचा समजला जातो. वस्तुतः तो इतिहासाचाही प्रश्न आहे. निरनिराळ्या काळांत माणसाने अळंबी कोणत्या खुणांवरून ओळखली, त्यांतील कोणत्या खुणा टिकल्या आणि कोणत्या फोल ठरल्या, कोणाचे ज्ञान ग्रंथात शिरले आणि कोणाचे बाहेर राहिले, या प्रश्नांची उत्तरे इतिहासातच शोधावी लागतात. अळंबे 'कोठे उगवते' आणि ते 'कसे दिसते' या दोन प्रश्नांभोवती ही ओळख गेली दोन सहस्र वर्षे फिरत आली आहे. प्राचीनांनी पहिल्या प्रश्नावर भर दिला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील युरोपीय वर्गीकरणाने दुसरा प्रश्न पुढे आणला. विसाव्या शतकात विज्ञान पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे वळले. या दोहोंपैकी एकाच प्रश्नाच्या उत्तरावर विसंबणे प्रत्येक काळात घातक ठरले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) प्राचीन भारतीय आणि ग्रीक-रोमन ग्रंथांतील अळंबी ओळखण्याच्या पद्धतींचा तौलनिक परामर्श घेणे.
२) सतराव्या ते विसाव्या शतकांत अळंब्यांच्या वर्गीकरणात झालेल्या बदलांचा मागोवा घेणे.
३) वारुळावर उगवणाऱ्या अळंब्यांच्या उदाहरणावरून लोकज्ञान आणि शास्त्रीय ज्ञान यांचा परस्परसंबंध तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन मुख्यतः प्रकाशित ग्रंथांवर आधारलेले असून खाद्य छत्रयुक्त अळंबी आणि त्यांच्याशी साम्य असणाऱ्या विषारी जाती एवढ्यापुरतेच मर्यादित ठेवले आहे.

१. संस्कृत ग्रंथांतील अळंबी

संस्कृत वाङ्मयात अळंब्यांसाठी छत्राक, कवक, शिलीन्ध्र असे अनेक शब्द येतात. कालिदासाच्या 'मेघदूता'त शिलीन्ध्रांचे उगवणे हे भूमी सुफलित झाल्याचे चिन्ह मानले आहे. धर्मशास्त्राची दृष्टी मात्र वेगळी आहे. 'मनुस्मृती'च्या पाचव्या अध्यायात लसूण व कांदा यांच्या जोडीने कवके द्विजांना अभक्ष्य ठरविली आहेत आणि बुद्धिपुरस्सर छत्राक खाणारा पतित होतो, असे सांगितले आहे. येथे विषारी व निर्विष असा भेद नाही. संपूर्ण वर्गच त्याज्य आहे. आज मराठीत ज्याला आपण शास्त्रीय परिभाषा म्हणून 'कवक' म्हणतो, तो शब्द या निषिद्ध पदार्थांच्या यादीतही होता, ही बाब लक्षणीय आहे.

वैद्यकाला असा सरसकट निषेध पुरेसा नव्हता. रोगी काय खातो हे वैद्याला जाणून घ्यावेच लागते. 'चरकसंहिते'च्या सूत्रस्थानातील अन्नपानविधीत सर्पच्छत्रक वगळून इतर अनेक छत्रजातींचे गुणधर्म सांगितले आहेत. म्हणजे येथे एक विशिष्ट प्रकार नावानिशी बाजूला काढून उरलेल्यांचा विचार केला आहे. 'सुश्रुतसंहिते'च्या सूत्रस्थानातील शेहेचाळीसाव्या अध्यायाने याहून पुढचे पाऊल टाकले. त्यात उद्भिद शाकांचे पाच प्रकार केले आहेत : पलालावर म्हणजे पेंढ्यावर उगवणारे, उसावर उगवणारे, करीषावर म्हणजे वाळलेल्या शेणावर उगवणारे, वेळूवर उगवणारे आणि जमिनीतून उगवणारे. प्रत्येक प्रकाराचे गुण स्वतंत्रपणे सांगितले आहेत.

ही विभागणी पूर्णतः अधिवासावर आधारलेली आहे. छत्राचा रंग, दांड्याची जाडी, वास यांचा तिच्यात आधार नाही. आधुनिक दृष्टीने पाहता तिच्यात तथ्य आहे. अळंबे स्वतः अन्न तयार करीत नाही. ज्यावर ते वाढते त्यावरच ते पोसले जाते. त्यामुळे पेंढ्यावर वाढणारी जात आणि शेणावर वाढणारी जात बहुधा भिन्न असतात. सुश्रुताच्या 'पलालज' प्रकाराचे आजच्या एखाद्या जातीशी तंतोतंत समीकरण मांडणे मात्र योग्य होणार नाही. ग्रंथात बाह्यरूपाचे वर्णन नसल्यामुळे ती ओळख आता पटविता येत नाही. अधिवास जतन झाला, रूप हरवले; केवळ अधिवासावर उभारलेल्या वर्गीकरणाची ही पहिली मर्यादा होय.

येथे आणखी एक बाब नोंदवावीशी वाटते. ज्या वर्गाने धर्मग्रंथ लिहिले त्याला अळंबे निषिद्ध होते. जे लोक रानातून अळंबी गोळा करून खात, त्यांच्या हाती लेखणी नव्हती. त्यामुळे अळंब्यांविषयीचे सूक्ष्म ज्ञान मौखिक राहिले असावे, असे अनुमान करता येते. वैद्यकग्रंथांतील त्रोटक उल्लेख हे त्या ज्ञानाचे लिखित जगात उतरलेले थोडेसे अवशेष मानता येतील.

२. ग्रीक-रोमन परंपरा

ग्रीक विद्वान थिओफ्रॅस्टस याने इ. स. पूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकात वनस्पतींचा विचार करताना अळंब्याला मूळ, खोड, फांदी, पान यांपैकी काहीच नसते, हे नमूद केले. इ. स. च्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस याने अळंब्यांचे खाद्य आणि प्राणघातक असे दोन भाग केले. प्राणघातक अळंब्यांचे कारण त्याने अधिवासात शोधले : गंजलेले खिळे, कुजलेल्या चिंध्या, सापाचे बीळ किंवा विषारी फळे देणारी झाडे यांच्याजवळ उगवल्याने अळंब्यात विष उतरते, अशी त्याची समजूत होती. चरकाचे 'सर्पच्छत्रक' आणि डायोस्कोरिडीसचे सापाचे बीळ यांतील साम्य लक्ष वेधून घेते. मात्र दोघांच्या विचारात भेद आहे. चरकाच्या यादीत सर्पच्छत्रक हा स्वतंत्र प्रकार आहे. डायोस्कोरिडीसच्या मते मूळचे निर्दोष अळंबेही शेजारामुळे विषारी बनू शकते. दुसरी कल्पना युरोपात दीर्घकाळ टिकली आणि तिने जातींच्या अभ्यासाला अडथळाच केला. विष शेजारातून येत असेल, तर जात ओळखण्याचे प्रयोजनच उरत नाही.

रोमन लेखक प्लिनी याने मात्र रूपाकडे बारकाईने पाहिले. त्याच्या 'नॅचरल हिस्टरी' या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात अळंबे प्रथम एका आवरणात असते आणि अंड्यातील बलकाप्रमाणे त्यातून बाहेर येते, असे निरीक्षण आहे. या आवरणाला त्याने वापरलेला 'व्होल्व्हा' हा लॅटिन शब्द आजही शास्त्रीय परिभाषेत तसाच चालतो. सम्राट क्लॉडियस याचा इ. स. ५४ मध्ये अळंब्यातून विषप्रयोगाने मृत्यू झाल्याची हकीकतही प्लिनीने दिली आहे. पुढील शास्त्राने दाखवून दिले, की बुंध्याशी असलेला हाच कोष अनेक प्राणघातक अळंब्यांची मुख्य खूण आहे. परंतु प्लिनीला तो एका चविष्ट खाद्य प्रकाराचे वैशिष्ट्य म्हणून ठाऊक होता. एकच खूण दोन्ही बाजूंना असू शकते, हा धडा येथूनच घ्यावा लागतो.

३. क्लुसियस ते लिनियस : वर्णनाचा आरंभ

मध्ययुगानंतर युरोपात अळंब्यांचा पहिला भरीव स्वतंत्र अभ्यास कॅरोलस क्लुसियस याने केला. त्याने हंगेरी व लगतच्या प्रदेशातील अळंब्यांचे वर्णन १६०१ मध्ये आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथाला जोडून प्रसिद्ध केले. त्यात खाद्य अळंब्यांचे २१ आणि अपायकारक अळंब्यांचे २६ वर्ग आहेत. क्लुसियसचे महत्त्व केवळ संख्येत नाही. त्याने हंगेरियन व जर्मन लोकनावे नोंदविली. लोकज्ञान आणि ग्रंथज्ञान यांची येथे भेट झाली. त्याच्या अभ्यासासाठी काढलेली रंगीत चित्रे नेदरलँड्समधील लायडेन येथे जतन केलेली आहेत.

तथापि अळंबे मुळात उत्पन्न कसे होते, हा प्रश्न अनुत्तरित होता. कुजण्यातून ते आपोआप जन्मते, असा समज सर्वत्र रूढ होता. फ्लॉरेन्स येथील पिएर अँटोनियो मिकेली याने १७२९ च्या ग्रंथात अळंब्यांचे व बुरशींचे बीजाणू दाखविले आणि बुरशीचे बीजाणू फळाच्या कापलेल्या फोडींवर पेरून त्यांतून तीच बुरशी पुन्हा उगवते, हे सिद्ध केले. या प्रयोगाचा अर्थ खोल होता. अळंब्याची वंशपरंपरा असते हे मान्य झाले म्हणजे त्याची जात ठरते. आणि जात ठरली म्हणजे विष हा शेजाराचा नव्हे, तर जातीचा गुण ठरतो.

कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये वनस्पतींच्या नामकरणाची द्विनाम पद्धती रूढ केली. पण कवकांच्या बाबतीत तो अडखळला. छत्राखाली उभ्या पातळ पात्या असलेली सर्व अळंबी त्याने 'ॲगॅरिकस' या एकाच वंशात घातली आणि छिद्रे असलेली 'बोलेटस'मध्ये. कवकांच्या क्षेत्रात अजून गोंधळच आहे, हे त्याने स्वतःही मान्य केले होते. ज्या शास्त्रज्ञाने फुलांच्या अवयवांची मोजदाद करून वनस्पतिसृष्टी लावली, त्याला फूलच नसलेल्या सजीवांपुढे थांबावे लागणे स्वाभाविक होते.

४. पेर्सून आणि फ्रीस : बाह्यरूपाची भाषा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर याने बव्हेरियातील आणि ब्युयार याने फ्रान्समधील अळंब्यांची रंगीत चित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांतात जन्मलेल्या पेर्सून याने १८०१ मध्ये कवकांची पद्धतशीर मांडणी केली आणि स्वीडनच्या एलियास फ्रीस याने १८२१ ते १८३२ या काळात 'सिस्टेमा मायकोलॉजिकम' हा ग्रंथ सिद्ध केला. आज अळंबी ओळखण्याच्या पुस्तकांत जी लक्षणे विचारली जातात, त्यांची चौकट मुख्यतः याच काळात तयार झाली.

या चौकटीनुसार निरीक्षक पुढील गोष्टी क्रमाने पाहतो. छत्राचा आकार, रंग, पृष्ठभाग आणि त्यावरील खवले. छत्राखाली पात्या आहेत की छिद्रे. पात्या दांड्याला चिकटलेल्या आहेत, त्यावर उतरलेल्या आहेत की दांड्यापासून सुट्या आहेत. दांड्यावर कडे आहे का. बुंध्याशी कोष आहे का. कापल्यावर किंवा दाबल्यावर रंग पालटतो का. वास कसा आहे. यांतील कोष पाहावयाचा असेल तर अळंबे खुडून चालत नाही, जमीन उकरून ते बुंध्यासकट काढावे लागते. खुडणाऱ्याच्या हाती न येणारी नेमकी हीच खूण अनेकदा जीव वाचविणारी असते.

फ्रीसचे सर्वांत टिकाऊ योगदान म्हणजे बीजाणूंच्या रंगाला त्याने दिलेले स्थान. पात्या असलेल्या अळंब्यांचे त्याने बीजाणूंच्या रंगावरून पांढरा, गुलाबी, तपकिरी, जांभळट-काळा असे गट पाडले. हा रंग पाहण्याची रीत अगदी साधी आहे. पूर्ण उमललेल्या अळंब्याचा दांडा कापून छत्र पात्या खाली येतील अशा रीतीने अर्ध्या काळ्या व अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवावे आणि वाडग्याने झाकावे. काही तासांत अथवा रात्रभरात कागदावर बीजाणूंची पूड पडून पात्यांचा ठसा उमटतो. पात्यांचा रंग वयानुसार बदलतो आणि फसवतो. ठशाचा रंग मात्र जातीपुरता बऱ्याच अंशी स्थिर असतो. पुढे सूक्ष्मदर्शकाने बीजाणूंचा आकार व पृष्ठभाग दाखविला. आयोडीनयुक्त द्रावणाने काही बीजाणू निळे पडतात, यावर आधारलेले मेल्त्सर याचे द्रावण १९२४ पासून वापरात आले. तरी कागदावरील ठशाचे महत्त्व आजही उणावलेले नाही.

या पद्धतीची एक उणीवही नोंदवावी लागेल. ती उत्तर युरोपातील अळंब्यांवरून बेतलेली होती. वर्णनात 'पाइनच्या रानात' किंवा 'कुरणात' असा अधिवासाचा उल्लेख येई. पण त्याचे स्थान शेवटच्या ओळीत असे. वर्गीकरणाचा पाया रूपावर होता, अधिवास हा केवळ पत्ता होता.

५. अधिवासाचा नवा अर्थ

हा पत्ता काही सांगू पाहत आहे, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्यानात आले. जर्मन शास्त्रज्ञ बर्नहार्ड फ्रँक याच्याकडे जमिनीखाली वाढणाऱ्या ट्रफल या मौल्यवान कवकाची लागवड करता येईल का, हे तपासण्याचे काम होते. त्या निमित्ताने केलेल्या अभ्यासातून त्याने १८८५ मध्ये दाखविले, की अनेक वृक्षांची मुळे कवकजालाने वेढलेली असतात आणि दोघांत देवाणघेवाण चालते. काही अळंबी विशिष्ट वृक्षांखालीच का उगवतात, याचा उलगडा त्यामुळे झाला. ओक वृक्षाखाली येणारे अळंबे तेथे योगायोगाने येत नाही. त्याचा संसारच त्या मुळांशी असतो. अधिवास हा अळंब्याच्या स्वभावाचा भाग आहे, हे तत्त्व येथे प्रयोगाने प्रस्थापित झाले.

६. वारुळावरचे अळंबे : एक भारतीय उदाहरण

या तत्त्वाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच परिसरात आहे. कोकण-गोव्यात वारुळाच्या जागी उगवणारी अळंबी विशेष चविष्ट व सुरक्षित मानली जातात. गोव्यात त्यांना 'रोयण अळमी' म्हणतात. रोयण म्हणजे वारूळ. याच वारुळाची सांतेरी देवी म्हणून पूजाही होते. नावातच अधिवास सांगण्याची ही रीत सुश्रुताच्या विभागणीशी मिळतीजुळती आहे.

युरोपीय विज्ञानाला हा संबंध समजून घेण्यास दीर्घ काळ लागला. लिनियसचा शिष्य कोएनिग याने तमिळ प्रदेशातील तरंगंबाडी परिसरात राहून वाळवीचा अभ्यास केला आणि १७७९ च्या लेखात वारुळाच्या आत कवक असल्याचे नमूद केले. परंतु आतील कवक आणि बाहेरचे छत्र यांची सांगड लगेच बसली नाही. १८४७ मध्ये इंग्लंडमधील धर्मोपदेशक व कवकशास्त्रज्ञ माइल्स जोसेफ बर्कली याने श्रीलंकेतून आलेल्या नमुन्यांवरून 'ॲगॅरिकस युरायझस' या जातीचे वर्णन केले. 'युरायझस' म्हणजे उत्तम मूळ असलेले. दांडा जमिनीत मुळासारखा खोल उतरतो, ही रूपाची खूण बर्कलीने अचूक टिपली. ते मूळ कोठवर जाते हे मात्र वाळलेल्या नमुन्यावरून कळणारे नव्हते.

बर्कलीने हूकर याने सिक्कीम व खासी टेकड्यांतून जमविलेल्या कवकांचेही वर्णन १८५० च्या दशकात केले. वसाहतकालीन ज्ञाननिर्मितीची रीत यातून दिसते. नमुना भारतात वा श्रीलंकेत, वर्णन इंग्लंडमध्ये. अळंबे वाळले की त्याचा रंग, वास, ओलावा आणि भोवतालची जागा नाहीशी होते. वर्णनाच्या अखेरीस ठिकाणाचे व संग्राहकाचे नाव येई. ते अळंबे रानात ज्याने दाखविले, त्याचे नाव देण्याची ती पद्धती नव्हती.

श्रीलंकेतील पेरादेनिया येथे काम करणाऱ्या टॉमस पेच याने प्रत्यक्ष वारुळे पाहून १९०६ मध्ये वाळवीच्या घरट्यांतील कवकांवर लेख लिहिला. या गटातील जाती तोवर बाह्यरूपावरून वेगवेगळ्या वंशांत टाकल्या जात होत्या. अखेर १९४२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रोझेर हाइम याने त्यांच्यासाठी 'टर्मिटोमायसिस' हा स्वतंत्र वंश स्थापन केला. या नावाचा अर्थ 'वाळवीचे कवक' असाच होतो. 'रोयण अळमी' या नावात जे होते, तेच शास्त्रीय लॅटिनमध्ये येण्यास कोएनिगच्या लेखापासून १६३ वर्षे लागली.

या संबंधाची यंत्रणा आता चांगली ज्ञात आहे. वाळवी पालापाचोळा व लाकूड खाऊन त्याच्या विष्ठेपासून वारुळात स्पंजासारखी पोळी रचते. त्यांवर हे कवक वाढते, कठीण पदार्थांचे विघटन करते आणि वाळवीला अन्न पुरविते. पावसाळ्यात अनुकूल ओलावा मिळताच पोळ्यापासून लांब दांडा मातीतून वर येतो. माती फोडण्यासाठी छत्राच्या मध्यभागी टणक टोक असते. वारुळाची जागा, खोल उतरणारे मूळ, छत्रावरील टोक आणि गुलाबीसर बीजाणूंचा ठसा या चार खुणा एकत्र आल्या म्हणजे ओळख पक्की होते. या सर्वांत मूळ असतेच असे मात्र नाही. 'टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस' ही चिमुकली जात वाळवीने बाहेर टाकलेल्या पोळ्याच्या चुऱ्यावर झुबक्यांनी उगवते.

पावसाळ्यात हिरवळीवर व कुरणात उगवणारे 'क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस' हे अळंबे यासमवेत तुलनेसाठी घ्यावे. मायर याने दक्षिण अमेरिकेतील नमुन्यांवरून १८१८ मध्ये वर्णिलेली ही जात भारतातही आढळते. कोवळेपणी तिच्या पात्या पांढऱ्या असतात आणि मोठे, पांढरे, मांसल छत्र पाहून माणूस सहज फसतो. ती खाल्ल्यास काही तासांतच तीव्र उलट्या व जुलाब होतात. तिला खोल उतरणारे मूळ नसते आणि तिच्या बीजाणूंचा ठसा हिरवट पडतो. वारुळाजवळच्या गवतात ही जात उगवली, तर 'वारुळापाशी आले म्हणजे चांगले' हा नियम एकटा पुरा पडणार नाही. तेथे मूळ उकरून पाहणे आणि ठसा घेणे हाच उपाय आहे.

भारतात कवकशास्त्राची संस्थात्मक उभारणी विसाव्या शतकात झाली. पुसा येथील बटलर याने बिस्बी याच्या सहकार्याने १९३१ मध्ये 'द फंजाय ऑफ इंडिया' ही सूची सिद्ध केली. परंतु त्या काळातील भर मुख्यतः पिकांच्या रोगांवर होता. पुण्यात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेने १९८० मध्ये नैर्ऋत्य भारतातील छत्रधारी अळंब्यांवर ए. व्ही. साठे व सहकाऱ्यांचा प्रबंध प्रसिद्ध केला आणि महाराष्ट्रातील जातींची पद्धतशीर नोंद झाली. गोवा विद्यापीठातील नंदकुमार कामत यांनी वारुळावरील अळंब्यांच्या अभ्यासाबरोबर त्यांच्या संवर्धनाचाही प्रश्न सातत्याने मांडला. या अळंब्यांची व्यापारी लागवड साधलेली नाही. वारूळ मोडले की अळंबेही गेले.

७. फोल कसोट्या आणि स्थलांतरित ज्ञान

जात ओळखण्याचा मार्ग कष्टाचा असल्यामुळे सर्व अळंब्यांना लागू पडेल अशी एकच सोपी कसोटी असावी, ही इच्छा सर्व समाजांत दिसते. विषारी अळंब्याबरोबर शिजविल्यास चांदीचे नाणे काळे पडते, लसूण वा तांदूळ रंग बदलतो, किडीने खाल्लेले अळंबे माणसालाही चालते, साल सहज निघते ते खाद्य असते, अशा समजुती दूरवर पसरल्या आहेत. त्यांतील एकही खरी नाही. 'ॲमानिटा फॅलॉइडीस' या युरोपीय अळंब्यातील ॲमाटॉक्सिन वर्गातील विष शिजविल्याने नष्ट होत नाही आणि चांदीवर त्याचा परिणाम होत नाही. या वर्गातील ॲमानिटिन १९४१ मध्ये जर्मनीत वेगळे करण्यात आले. त्याची लक्षणे साधारण सहा ते चोवीस तासांनी दिसतात, मध्यंतरी रोग्याला बरे वाटते आणि नंतर यकृत निकामी होते. खाल्ल्यावर काही झाले नाही म्हणून अळंबे सुरक्षित, हा तर्कही त्यामुळे कोसळतो.

या फोल कसोट्यांपेक्षा अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट म्हणजे खऱ्या ज्ञानाची मर्यादा. आग्नेय आशिया व चीनमध्ये भाताच्या पेंढ्यावर वाढणारे 'व्होल्व्हॅरिएला व्होल्व्हेसिया' हे अळंबे आवडीने खातात. त्याच्याही बुंध्याशी कोष असतो. युरोपातील 'ॲमानिटा फॅलॉइडीस' वृक्षांच्या मुळांबरोबर ऑस्ट्रेलिया व कॅलिफोर्नियात पोहोचले. २०११ च्या अखेरीस कॅनबेरा येथे ते खाल्ल्याने दोघांचा मृत्यू ओढवला. पेंढ्यावरील परिचित अळंबे समजून ते गोळा केले गेले असावे, असे मानले जाते. या दोन जातींतील भेद फ्रीसच्या आणि सुश्रुताच्या अशा दोन्ही पद्धतींनी दिसतो. एकीचा ठसा गुलाबी, दुसरीचा पांढरा. एक पेंढ्यावर, दुसरी ओकच्या मुळाशी. मायभूमीत अचूक असलेले ज्ञान परक्या भूमीत तसेच लागू पडत नाही, कारण ते त्या भूमीतील जातींपुरते घडलेले असते.

८. जनुकीय तंत्राचा टप्पा

१९६९ मध्ये व्हिटेकर याने सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या आणि कवकांना वनस्पतींपासून वेगळे केले. १९९० नंतर डीएनएच्या विशिष्ट भागाची तुलना करून जात ठरविण्याची पद्धती रूढ झाली आणि २०१२ मध्ये आयटीएस हा भाग कवकांच्या ओळखीचा प्रमाणित निकष म्हणून सुचविला गेला. लंडनच्या दुकानातील वाळलेल्या चिनी अळंब्यांच्या एका पाकिटात विज्ञानाला अज्ञात असलेल्या तीन जाती २०१४ मध्ये याच मार्गाने सापडल्या. त्या खाल्ल्या व विकल्या जात होत्या, फक्त शास्त्राच्या वहीत नव्हत्या. तथापि रानात उभ्या असलेल्या व्यक्तीला हे तंत्र तत्काळ उपयोगी पडत नाही. तिच्या हाती आजही डोळे, नाक, बोटे, कागदाचा तुकडा आणि जागेची जाण एवढीच साधने आहेत.

निष्कर्ष

१) अधिवासावरून ओळख करण्याची पद्धती अशास्त्रीय नाही. सुश्रुताची विभागणी आणि 'रोयण अळमी' हे लोकनाम यांत अळंब्याच्या जीवनक्रमाचे यथार्थ निरीक्षण आहे.
२) बाह्यरूपावर आधारित वर्गीकरणाने जातीची संकल्पना दिली आणि विष शेजारातून येते हा भ्रम दूर केला. बीजाणूंचा ठसा ही त्याची सर्वांत सोपी व टिकाऊ देणगी आहे.
३) केवळ अधिवास किंवा केवळ रूप पाहणे अपुरे आहे. टर्मिटोमायसिस-क्लोरोफायलम आणि व्होल्व्हॅरिएला-ॲमानिटा या जोड्या ते स्पष्ट करतात.
४) सर्व अळंब्यांना लागू पडणारी विषपरीक्षा इतिहासात कोणालाही सापडलेली नाही. प्रत्येक जात स्वतंत्रपणे ओळखावी लागते. जी ओळखता येत नाही ती न खाणे हाच मार्ग उरतो.
५) लोकज्ञान विशिष्ट भूमीशी बांधलेले असते. त्यामुळे ते गोळा करताना नाव, जागा, हंगाम आणि सांगणाऱ्या व्यक्तीचे श्रेय यांची नोंद एकत्रच व्हावयास हवी.

पावसाळी बाजारात अळंबी विकणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान बहुतांशी अलिखित आहे. क्लुसियसने १६०१ मध्ये हंगेरीतील लोकनावे टिपली म्हणून ती आज उपलब्ध आहेत. तालुक्या-तालुक्यांतील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र, इतिहास व मराठी विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील अळंब्यांची नावे, ठसे व अधिवास नोंदविण्याचे काम हाती घेतल्यास ते संशोधन म्हणून मोलाचे ठरेल आणि एखाद्या घरातील ताटापर्यंत चुकीचे अळंबे पोहोचण्यापूर्वीच ते ओळखले जाण्याची शक्यताही वाढेल.